नऊ साखळ्या, दीड आणा

मी मुळात भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवायला नको. कुत्र्याला, विजेला, पाहुण्यांना, गणिताच्या बाईंना, सगळ्यांना मी भ्यायचे. आई म्हणायची, "या पोरीला स्वतःची सावली दिसली तरी ही पळंल." आई जरा वाढवून बोलायची, पण फार नाही. महाडच्या आमच्या शाळेत पीटीच्या सरांनी मला पहिल्यांदा पळताना पाहिलं, तेव्हा माझ्यामागे एक म्हैस लागली होती. म्हैस अर्ध्या मैदानात थांबली. मी थांबले ती थेट पलीकडच्या कुंपणाशी.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला वर्गातून बोलावून घेतलं. मला वाटलं, मैदानात म्हैस आणल्याबद्दल छडी बसणार. मी हात पुढे करूनच उभी राहिले. सर त्या हाताकडे बघत म्हणाले, "हात नको. पाय हवेत. उद्यापासून सकाळी साडेसहाला मैदानावर ये."

मी तेव्हा आठवीत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सर उंच, किडकिडीत, पुण्याकडून शिकून आलेले. पांढरे कॅनव्हासचे बूट ते रोज रात्री खडूने रंगवत असावेत, इतके ते पांढरे असायचे. गळ्यात शिटी, आणि शिटीशेजारी स्टॉपवॉच. ते घड्याळ त्यांच्या मेहुण्याने बोटीवरच्या नोकरीतून आणलं होतं. सेकंदाचा दहावा भाग दाखवायचं. सर ते रुमालाने पुसायचे, कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. महाडात असं घड्याळ दुसरं नव्हतं आणि सरांना त्याचा अभिमान होता, हे लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही.

मैदानाच्या दोन टोकांना गुडघ्याएवढे दोन काळे दगड पुरलेले होते. एकावर शून्य कोरलेलं, दुसऱ्यावर शंभर. कुणा जुन्या हेडमास्तरांनी ते पुरले, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. शून्यापासून शंभरापर्यंत पळायचं, मध्ये सरांचं घड्याळ. झालं आमचं शंभर मीटर.

पळणं म्हणजे नुसतं पळणं नसतं, हे मला सरांनी शिकवलं. शून्याच्या दगडाशी खुरप्याने दोन खळगे करायचे, एक पुढच्या पायाला, एक मागच्या. त्यात अनवाणी पाय रोवून बसायचं. आठवड्यातून दोनदा सावित्रीच्या पात्रात गुडघाभर पाण्यातून पळायचं, म्हणजे गुडघे वर उचलायची सवय लागते. शिवाय नदीकडून शाळेकडे येणारा चढ रोज सहा वेळा. आणि पावलं मोजायची. सर म्हणत, "जो पावलं मोजतो त्याचं डोकं दुसरीकडे जात नाही." माझी बावन्न पावलं होत. बावन्नावं पाऊल शंभराच्या दगडापाशी पडायचं आणि मी सुटायचे.

दोन गोष्टींची मला फार भीती वाटायची. एक म्हणजे सरांचा क्लॅपर. बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, त्या आपटल्या की बंदुकीसारखा आवाज व्हायचा आणि त्यावर सुटायचं. मी आवाज होण्याआधीच भीतीने सुटायचे, नाहीतर आवाज झाल्यावर डोळे मिटून तिथेच बसायचे. दोनदा आधी सुटलं की बाद. शेवटी सरांनी क्लॅपर मला घरी न्यायला दिला. "रोज शंभर वेळा स्वतः वाजव," म्हणाले. तीन दिवस आमच्या वस्तीत फटाके फुटल्यासारखं चाललं होतं. चौथ्या दिवशी आईने त्या फळ्या चुलीत घालायची धमकी दिली. पण माझी त्या आवाजाची भीती मात्र बरीच ओसरली.

दुसरी भीती घड्याळाची, आणि ती गेलीच नाही. दर शनिवारी सर वेळ घ्यायचे. मी धापा टाकत उभी असायचे, सर घड्याळ डोळ्यांजवळ धरायचे, आणि त्या दोन क्षणांत मी मान फिरवून दगडाकडे बघत राहायचे. पहिल्या शनिवारी साडेतेरा सेकंद. एक दशांश कमी व्हायला कधी महिना लागायचा. कधी आठवडाभर मेहनत करून वेळ वाढलेली निघायची, मग सर काही न बोलता वहीत लिहायचे. ते न बोलणं छडीपेक्षा वाईट. रात्री झोपेत मला ते काटे दिसायचे. आजारी पडावं असं दर शुक्रवारी वाटायचं. पण शरीर माझं दणकट, साधं पडसंही व्हायचं नाही.

नववीत गेल्यावर एका शनिवारी घड्याळात बारा पॉइंट आठ आले. सरांनी ते दोनदा वाचलं. मग खिशातून आल्याची वडी काढली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. "बारा आठ," ते म्हणाले, "जिल्ह्यात कुणाची नसेल."

त्या वर्षी आमच्याकडे डोळ्यांची साथ आली आणि तालुक्याच्या स्पर्धा झाल्याच नाहीत. मग वरून पत्र आलं की महाड आणि पोलादपूर मिळून शंभर मीटरला एकच मुलगी पाठवा, शाळांनी नोंदवलेली वेळ बघून निवड होईल. सरांनी माझी वेळ पाठवली. पोलादपूरच्या एका शाळेने त्यांच्या मुलीची पाठवली, तेरा पॉइंट आठ. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अलिबागला मी जाणार होते.

प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी ते सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवलं. आमच्या वस्तीत बायका मला बघायला आल्या, जणू मी कालपर्यंत तिथे राहतच नव्हते. विहारात थोरामोठ्यांनी पाठ थोपटली. आमच्या वस्तीतली पोर शाळेच्या वतीने कुठे चालली आहे, हे पहिल्यांदाच घडत होतं. आईने माझ्या चड्डीला नवीन नाडी ओवली. मला आनंद झाला होता, नाही म्हणत नाही. पण त्याच्या दुप्पट भीती वाटत होती. आता हरले तर एकटी हरणार नव्हते.

बाबा मोजणी खात्यात शिपाई होते. दुसऱ्यांच्या जमिनी मोजताना साखळी ओढायची, हे त्यांचं काम. आमच्या मालकीची एक गुंठाही जमीन नव्हती, पण सगळ्या तालुक्याची जमीन बाबांच्या हाताखालून गेली होती. खात्यात मीटरची साखळी आली तेव्हा जुनी बाद झाली, ती बाबांनी साहेबांकडून मागून घेतली. लोखंडी कड्यांची, तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचे आणि दर आण्याला पितळेची एक खूण. रविवारी आजूबाजूच्या वाड्यांतले लोक बाबांना बोलवायचे, बांधाचं भांडण असलं की. बाबा साखळी टाकायचे आणि आणे मोजून सांगायचे. त्यांचा शब्द दोन्ही बाजू मानायच्या. एकदाच कुणीतरी म्हणालं होतं की साखळीवाल्याने हद्दीचा दगड सरकवला. ते खोटं ठरलं, पण ठरेपर्यंत चार दिवस बाबांनी घास घेतला नव्हता.

स्पर्धेला तीन आठवडे होते. शाळा सुटल्यावरही सराव व्हावा म्हणून मी बाबांना म्हटलं, आपल्या मागच्या गाडीवाटेवर शंभर मीटर मोजून द्या. त्यांनी कौतुकाने साखळी काढली. "शंभर मीटर म्हंजी धा साखळ्यांना एक आना कमी," असं म्हणत मोजलं आणि दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या.

मी पळाले. बावन्नावं पाऊल पडलं तेव्हा खुंटी अजून लांब होती. सत्तावन्न झाली.

पुन्हा पळाले. सत्तावन्न.

"बाबा," मी म्हटलं, "तुमची साखळी चुकली."

हे मी दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर चाललं असतं. बाबांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी साखळीच्या कड्या एकेक करून बोटांनी चाचपल्या. मग म्हणाले, "जुनी झाली म्हनून साखळी दोन बोटं खोटी निघंल, पोरी. पाच पावलं खोटी निघनार नाय. उद्या आयतवार हाय. साळंच्या मैदानावर जाऊ."

रविवारी पहाटे मैदानावर कुणी नव्हतं. गवतावर दव होतं. शून्याच्या दगडाशी मी साखळीचं टोक धरून बसले आणि बाबा दुसरं टोक घेऊन चालत गेले. प्रत्येक साखळी झाली की ते खुणेचा एक लोखंडी सूळ जमिनीत रोवायचे आणि मोठ्याने आकडा सांगायचे. सात. आठ. नऊ. नवव्या साखळीला ते शंभराच्या दगडाच्या इतके जवळ आले होते की मला वाटलं, काहीतरी मोजायचं राहून गेलं.

"नऊ साखळ्या नि दीड आना," बाबा म्हणाले.

ते दगडावर बसले. बराच वेळ बोटांवर काहीतरी हिशेब करत होते. मग दगडाला हात लावत म्हणाले, "हे वार हायत गो. शंभर वार. जुन्या मापाचं मैदान हाय. मीटर आला, दगड तसाच ऱ्हायला."

"मग किती कमी?"

"आठ-साडेआठ मीटर तरी."

 इतकी वर्षं त्या मैदानावर मुलं पळत होती, सर दहाव्या भागापर्यंत वेळ मोजत होते, आणि जमीन कुणी मोजलीच नव्हती. माझं बारा आठ शंभर मीटरचं नव्हतंच. उरलेली पाच पावलं धरली तर मी चौदाच्या आसपास. आणि पोलादपूरच्या सरांनी नवी टेप लावून मैदान आखलंय, असं आमचे सरच एकदा बोलता बोलता म्हणाले होते. तिचं तेरा आठ खरं होतं.

"तुजी वेळ खोटी नाय," बाबा म्हणाले. "पन ती शंभर मीटरची नाय. उद्या सरांना सांग. मानूस चांगला हाय, तो करंल ते नीट करंल."

साखळी गुंडाळून ते घरी निघाले. मी त्यांच्या मागून चालले होते आणि सांगायचं नाही हे मी त्या वाटेवरच ठरवून टाकलं होतं. अर्थात तेव्हा तसं कबूल केलं नाही. सांगणार आहे, फक्त आज नाही, असं स्वतःला म्हणत राहिले.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. सर आत दुसऱ्या मास्तरांना घड्याळ दाखवत माझ्या वेळेबद्दल सांगत होते. परत आले. मंगळवारी सरावाच्या वेळी धीर करून म्हटलं, "सर, मैदान..." सर म्हणाले, "काय झालं मैदानाला? खडे लागतात? मग वेच." मी अर्धा तास खडे वेचले. बुधवारी मी स्वतःशी एक नवं कारण तयार केलं. दगड चुकीच्या जागी आहे असं साखळीवाल्याच्या मुलीने सांगितलं, तर लोक आधी विचारतील की दगड हलवला कुणी. बाबांवर येईल. त्यांचे ते चार दिवस मी पाहिले होते. ही भीती खरी होती. पण तिच्या आड एक दुसरी भीती लपली होती, की अलिबाग माझ्या हातून जाईल, बायका पुन्हा माझ्याकडे नेहमीसारख्याच बघतील, आणि सर वहीत काही न बोलता लिहितील.

शुक्रवारी जेवताना बाबांनी विचारलं, "सांगितलंस सरांना?"

"हो."

"काय म्हनाले?"

मला काहीतरी म्हणणं भाग होतं. मी म्हटलं, "म्हणाले, बघू."

बाबांचा हात ताटात थांबला. "बघू?" त्यांनी एवढंच विचारलं. मी मान हलवली.  ते पाणी प्यायले आणि उठले. माझी सुटका झाली असं मला वाटलं.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी मी खळगे करत होते. मैदानाच्या कडेला एक मुलगी आणि एक माणूस येऊन उभे राहिले. माणसाच्या डोक्यावर रिकामं पोतं दुमडून घातलेलं. मुलगी माझ्याएवढीच, शाळेचा निळा स्कर्ट, पायात काही नाही. ती थेट माझ्याकडे आली.

"तूच का गो ती बारा आठवाली?"

मी मान हलवली.

"मी पोलादपूरची. तेरा आठ माजंच." ती हसली. "बा हिरडा इकायला बाजारात आलता. मी म्हनलं, मला पन यायचं हाय. बघायचं हाय, बारा आठ कशी पळतात ती. शिकीव ना गो मला."

भांडायला आली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्यापासून पळून जाता येतं. ही माझ्या खळग्यांशी वाकून बघत होती, किती लांब, किती खोल, आणि वीत टाकून माप घेत होती.  हिने पावलं मोजली तर? हिच्याही सरांनी हिला मोजायला शिकवलं असेल तर?

सर आले. त्यांना तिचं फार कौतुक वाटलं. डोंगरातून एवढी उतरून आली म्हणाले. "दोघी पळा," असं म्हणून त्यांनी क्लॅपर एका मुलाकडे दिला आणि स्वतः घड्याळ घेऊन शंभराच्या दगडाशी गेले. तिचा बाप त्याच दगडावर पोतं टाकून बसला होता. सरांनी त्याला उठवलं नाही.

क्लॅपर वाजला. मी चांगली सुटले. तीसएक पावलांपर्यंत मी पुढे होते. मग ती माझ्या शेजारी आली, तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि शेवटी ती हातभर पुढे निघून गेली.

सरांनी घड्याळ पाहिलं. मग कानाला लावलं. मग पुन्हा पाहिलं. "बारा सात," ते म्हणाले.

"माजं?" तिने विचारलं. "बारा सात माजं?" ती बापाकडे धावत गेली, त्याला सांगितलं, त्याला काही कळलं नाही, पण तोही हसला. ती परत आली. धापा टाकत, हसत, पायाने मातीवर रेघ ओढत म्हणाली, "पन सर, तुमचं मैदान लवकर सपतंय."

 आता सगळं बाहेर पडणार. मी सरांच्या तोंडाकडे बघत राहिले.

सर मोठ्याने हसले. "चांगली पळणाऱ्याला मैदान लहानच वाटतं," म्हणाले. तिला ते पटलं असावं. पुण्याकडून शिकून आलेल्या सरांनी सांगितल्यावर कुणाला पटणार नाही.

मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मग मला न्याल का अलिबागला?"

सरांचं हसू गेलं. नाव पाठवून झालंय, जागा एकच आहे, पुढच्या वर्षी नक्की, असं काहीबाही ते म्हणाले. ती "बरं" म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जिंकून ये गो." आणि बापलेक एसटी गाठायला निघून गेले. मैदान ओलांडून कुंपणापाशी पोचायला त्यांना दोन-तीन मिनिटं तरी लागली. तेवढा वेळ माझ्याकडे होता. मी खळग्यांत माती लोटत बसले.

अलिबागच्या मैदानावर पांढऱ्या चुन्याच्या रेघा होत्या. समुद्राचा वारा येत होता. मला आठवतं ते फक्त बावन्नावं पाऊल. तोपर्यंत मी तिसरी होते. बावन्न म्हटलं आणि माझं अंग आपोआप सैल पडलं, दीड वर्षं तिथेच थांबायची सवय लागली होती त्याला. मन ओरडत होतं की अजून पाच आहेत, अजून पाच. त्या पाच पावलांत दोघी माझ्या पुढे गेल्या. सहा जणींत पाचवी. वेळ चौदा पॉइंट एक.

सर धावत आले. मला वाटलं आता विचारतील. ते गुडघ्यावर बसून माझ्या घोट्यांना हात लावून बघत होते, काही मुरगळलंय का म्हणून. मग मला उसाचा रस पाजला. "दडपण आलं," ते म्हणाले. "माझीच चूक. मी तुला आधी बाहेर कुठे पळवून आणायला हवं होतं." परतीच्या एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत होते. घड्याळ त्यांनी गळ्यातून काढून पिशवीत ठेवलं होतं. पुढे कित्येक दिवस ते घड्याळ खराब झालं असं धरून चालले, मुंबईला दुरुस्तीलाही पाठवलं.

पुढच्या वर्षी पोलादपूरहून दुसरीच मुलगी आली. सरांनी चौकशी केली. ती तेरा आठवाली नववीनंतर शाळेत आलीच नव्हती, मुंबईला कुणा नातेवाइकांकडे गेली, एवढंच कळलं. मीही दहावीला पळणं सोडलं. अभ्यासाचं कारण सांगितलं.

मी डीएड केलं आणि दासगावकडच्या एका शाळेत लागले. अलिबागला दहा वर्षं होऊन गेली. तोवर महाडात एमआयडीसी आली होती, जागांना भाव चढला होता, आणि ज्या कडेच्या पट्ट्यांकडे कुणी बघत नव्हतं त्यांवरून शेजारी शेजाऱ्याशी भांडत होते. बाबा निवृत्त झाले होते, तरी त्यांना बोलावणी येतच होती.

एका रविवारी मी माहेरी होते. दारात सर उभे. केस पिकलेले, बूट तेच पांढरे. त्यांनी गावाबाहेर लहानसा प्लॉट घेतला होता, शेजारचा माणूस कुंपण आत सरकवून बसला होता. "तुम्ही एकदा साखळी टाका," ते बाबांना म्हणाले. "तुमचं माप तो मानायला तयार आहे."

बाबा ओट्यावर बसलेले होते. त्यांनी सरांना आत या म्हटलं नाही. माझ्या आयुष्यात दारी आलेल्या माणसाशी बाबा असं वागलेले मी पाहिले नव्हते.

"मला जमनार नाय," ते म्हणाले.

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी हाय. तुमच्या जागंचा दगड मी रोवनार नाय."

सर गोंधळले.  मला आत पाहून कसनुसं हसले, "काय गं, पळतेस का अजून?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

चहाचं आधण उकळून उतू जात होतं. मी बाबांना विचारलं, असं का केलंत. उत्तर काय येणार ते मला माहीत होतं आणि तरी मी विचारलं.

"तूच तर सांगितलंतंस," बाबा म्हणाले. "मैदान कमी हाय हे कळूनसुदा त्यांनी तुला पाठवलं. 'बघू' म्हनाले. अगो, दगड खोटा हाय हे ठावं असताना जो गप बसतो, त्याच्या हद्दीला मी हात लावनार नाय. इतकी वर्सं मी त्या मानसाला रस्त्यात नमस्कार केला नाय."

मी चुलीपाशी बसले होते. चौदा वर्षांची असताना वाटली होती अगदी तशीच भीती वाटली. मला वाटलं होतं, मोठी झाले की ती जाईल. मी बाबांना सांगितलं. सरांना मी कधी बोललेच नव्हते, ते सांगितलं. पोलादपूरची मुलगी आली होती, माझ्यापुढे गेली होती, मैदान लवकर संपतं म्हणाली होती, तेही सांगितलं. हे सगळं मी त्यांच्याकडे न बघता, चुलीकडे बघत सांगितलं.

 बाबांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी खुंटीवरची साखळी काढली, पायात वहाणा घातल्या आणि म्हणाले, "चल. टोक धराया मानूस लागंल."

सर त्यांच्या प्लॉटवर एकटेच उभे होते. बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. सरांना काही कळेना. बाबा म्हणाले, "चुकलं माजं. बाकीचं ही सांगंल." आणि साखळीचं एक टोक माझ्या हातात देऊन ते दुसऱ्या कोपऱ्याकडे चालू लागले.

मी सरांना सांगितलं. शंभर वार, नऊ साखळ्या, दीड आणा. सांगताना दोनदा थांबले. सर ऐकत होते. ते रागावतील म्हणून मी दहा वर्षं भ्याले होते. ते रागावले नाहीत. त्यांचा हात सवयीने गळ्याशी गेला. तिथे आता घड्याळ नव्हतं.

"म्हणजे ती पोरगी बरोबर सांगत होती," ते म्हणाले. "आणि मी हसलो."

 मग त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय गं होतं?"

मी आठवून पाहिलं. बारा सात आठवलं, निळा स्कर्ट आठवला, वितीने खळगे मोजणारा हात आठवला. नाव मी विचारलंच नव्हतं.

"मला माहीत नाही, सर."

"मलाही नाही," सर म्हणाले.

पलीकडच्या कोपऱ्यातून बाबांनी हाक मारली, "टोक नीट धर गो, साखळी ढिली पडतेय." मी दोन्ही हातांनी टोक धरलं आणि ओढून धरलं.